मोठ्या उपासातला ठराव

उंबरणे शहराच्या हद्दीत आले, तेव्हा गावात माणूस एकही वाढला नाही. वाढला तो एक फलक. त्याच्या एका बाजूला ‘आपले स्वागत आहे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पुन्हा या’ असे रंगवलेले होते. या दोन वाक्यांच्या मध्ये, म्हणजे पत्र्याच्या जाडीत, सबंध उंबरणे मावेल, असे रेवा म्हणत असे, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. पनवेलहून निघून विचुंबे मागे टाकले, नव्या इमारतींची रांग संपली, की डोंगराच्या पायथ्याशी हे गाव लागे. पुढे ओढा, ओढ्यापलीकडे दुसरा तालुका. खालच्या आळीत आगऱ्यांची घरे होती. त्यांतल्या निम्म्यांना कुलपे, कारण जमिनी विकून मालक नवीन पनवेलला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेलेले, आणि वर्षातून एकदा देवीच्या पालखीला गाडीच्या काचा वर करून गावात येणारे.

वरच्या टेकाडावर मलयाळी ख्रिस्ती राहत. ऑर्थोडॉक्स पंथाचे. तळोज्याच्या कारखान्यांत पोटासाठी आलेल्या त्यांच्या आदल्या पिढीने स्वस्त मिळाली म्हणून ही जमीन घेतली, घरे बांधली, एक प्रार्थनामंदिर बांधले आणि मागच्या उतारावर मेलेल्यांसाठी जागा राखली. मुले मोठी होऊन दुबईला आणि कॅनडाला गेली. मागे म्हातारे उरले, आणि म्हाताऱ्यांपेक्षा भरभर वाढणारी दफनभूमी. आत जाताना चपला काढतात, समईसारखा दिवा लावतात, म्हणून खालच्या आळीने त्या वास्तूला ‘मद्राशांचं देऊळ’ असे नाव दिले होते. आपण मद्राशी नव्हे आणि हे देऊळ नव्हे, हे समजावण्याचा उत्साह टेकाडाला पहिली काही वर्षे होता. नंतर तोही कॅनडाला गेला.

रेवा या टेकाडावर लग्न करून आली होती. पनवेलच्या कॉलेजात तिने तीस वर्षे इतिहास शिकवला. विषय मध्ययुगातल्या धर्मसंस्था. देवावर तिचा विश्वास नव्हता आणि माणसांवर त्याहून कमी. नवरा कोशी मात्र श्रद्धाळू होता, तोही असा गुपचूप, की त्याच्या श्रद्धेची कुणाला अडचण होऊ नये. दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. तो दर रविवारी वर प्रार्थनेला जाई, ती घरी वर्तमानपत्र वाची, आणि दुपारी दोघे मिळून मासळी खात. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि मागच्या उतारावर पुरला गेला. त्याने सगळी नोकरी कारखान्याच्या खिडकी नसलेल्या कंट्रोल रूममध्ये काढली होती. निवृत्तीनंतर भिंतीत कोंडून घ्यायचे नाही, असे तो हसत म्हणे. शवपेटीलाही खिडकी नसते, हे रेवाला कळत होते. तरी तो मातीत आहे, वर गवत आहे आणि समोर डोंगर आहे, एवढ्यावर तिचे चालले होते. ज्या समजुतींची तिने तीस वर्षे वर्गात खिल्ली उडवली, त्यांतलीच ही एक आहे, हेही तिला ठाऊक होते. ती फक्त कुणाला सांगत नसे.

अशा वेळी इंद्रजीत आला.

इंद्रजीत खालच्या आळीतला. एके काळी रेवाच्याच वर्गात इतिहासात नापास झालेला, आणि त्यामुळे इतिहासाचे ओझे नसलेला. आता तो इमारती बांधत असे आणि निवडणुकीचा विचार करत असे. उंबरण्यात या दोन कामांत फारसा फरक नव्हता. ओढ्याकाठी त्याचे टॉवर उभे राहायचे होते आणि त्यांच्याकडे जाणारा रस्ता दफनभूमीतून काढायचा होता.

“मॅडम, तुमी शिकलेली मानसं,” ओट्यावर बसत तो म्हणाला. “तुमाला काय समजवायचा? कबरी आमी मोडत नाय, नुसत्या हलवतो. तिकडं वरच्या बाजूला पक्का बांधकाम. संगमरवर. एकेकाला सेपरेट कप्पा, त्याच्यावर पितलेचा नंबर.”

“म्हणजे मेलेल्यांना वन बीएचके.”

“वन आरके म्हना, मॅडम. हॉल कशाला लागतोय त्यांना?” तो स्वतःच्या विनोदावर मनापासून हसला. “हॉल जित्यांना देतो ना. एसी हॉल, लग्नाबिग्नाला. उम्मनशेठ तर एकदम खूश हाय. रविवारी तुमच्या देवलात मीटिंग हाय, तिथं ठराव पास. सगली मानसं आपल्या बाजूला.”

उम्मन हे मंदिराचे ट्रस्टी. कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. देखरेखीची सवय गेली नव्हती, देखरेख करायला उरले होते फक्त देवाचे घर.

“सगळी माणसं तुझ्या बाजूला कशी झाली?” रेवाने विचारले.

“प्रेमानं, मॅडम. परवाच्या शुक्रवारी फार्महाउसवर बोलावली सगल्यांना. बोकड कापला. तांदलाच्या भाकऱ्या, मटान, वजरी. आमचा सोमवार, गुरवार, शनवार चालत नाय, म्हनून मुद्दाम शुक्रवार धरला. काय जेवली मानसं! नल्या फोडून फोडून खाल्ल्या. उम्मनशेठनी तर रस्सा वाटीनं प्याला. मी म्हनलो, हीच खरी एकता.”

रेवाने त्याच्याकडे पाहिले. आपण काय बोललो, याची त्याला तिळमात्र कल्पना नव्हती. स्वतःचे वार त्याने काटेकोरपणे सांभाळले होते. दुसऱ्याला वार असतात, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. टेकाडावर ईस्टरच्या आधीचा पन्नास दिवसांचा मोठा उपास चालू होता. मांस, मासे, अंडी, दूध सगळे वर्ज्य. आणि त्यातही शुक्रवार म्हणजे कडक. या पन्नास दिवसांत मच्छीवाली टेकाडाच्या वाटेला जात नसे, इतका तो उपास सर्वज्ञात होता. ज्यांनी नळ्या फोडल्या, त्यांनी त्याच पहाटे पूर्वेकडे तोंड करून, कपाळ जमिनीला टेकवून प्रार्थना केलेली असणार.

“चहा घेतोस?” तिने विचारले.

“दुदाचा?”

“काळा. घरात दूध नाही.” हे खोटे होते, पण आपले दूध त्याच्या चहात घालण्याची तिची इच्छा नव्हती.

रविवारच्या सभेत रेवाला मत नव्हते. मत होते ते बाप्तिस्मा झालेल्या आणि वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करून प्रसाद घेतलेल्या सभासदांना. कोशीची विधवा ही काही पात्रता नव्हे. ज्याने उपासात बोकड खाल्ला तो कबरीचे भवितव्य ठरवू शकत होता, कारण पापाची या व्यवस्थेत चोख सोय होती. सोय नव्हती ती अविश्वासाची. संस्था म्हणून हे तर्कशुद्ध होते, आणि वर्गात तिने ते मोठ्या खुबीने समजावलेही असते. आता मात्र ते तर्कशास्त्र तिच्या नवऱ्याच्या छातीवरून रस्ता काढत होते.

तीस वर्षांत दोन म्हाताऱ्या धर्मगुरूंनी तिला बाप्तिस्म्याविषयी विचारले होते आणि दोघांना तिने सौजन्याने नकार दिला होता. शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ती स्वतः उठून वर गेली. आताचे धर्मगुरू तरुण होते. नवीन पनवेलला राहत आणि स्कूटरवरून येत. त्यांना सगळे ‘अच्चन’ म्हणत, म्हणजे बापच. ते तिच्या विद्यार्थ्याच्या वयाचे होते.

“अच्चन, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे.”

अच्चननी हातातली धुपाची साखळी खाली ठेवली. “का, टीचर?”

“मत द्यायला.”

“निदान खोटं तरी बोलायचंत.”

“ते काम मी तुमच्या सभासदांवर सोपवलं आहे.”

अच्चन हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. “माणसं लग्नासाठी बाप्तिस्मा घेतात, परदेशातल्या नोकरीसाठी घेतात. मतासाठी घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच. कारण देव बघून घेईल, ते माझं काम नाही. पण टीचर, सध्या काळ कोणता चालू आहे?”

“मोठा उपास,” रेवा म्हणाली, आणि बोलता बोलताच तिची चूक तिच्या लक्षात आली.

मोठ्या उपासात बाप्तिस्मा होत नाही. दगडी कुंड कोरडे ठेवतात, ईस्टरपर्यंत. या प्रथेच्या उगमावर रेवाने एकदा परिषदेत निबंध वाचला होता, तळटिपांसह. जन्मभर ज्यांच्या अज्ञानाचा तिने तिरस्कार केला, त्यांतल्या कुठल्याही म्हातारीला ही गोष्ट झोपेतही विसरता आली नसती. विसरली ती, जिने ती छापली होती.

“अपवाद आहे,” तिची फजिती पाहून अच्चन मऊपणे म्हणाले. “मरणाच्या दारातल्या माणसाला देता येतो. तुम्हाला काही होतंय का?”

“राग येतोय.”

“त्याने लगेच कुणी मरत नाही.”

“मग उद्याची सभा पुढे ढकला. ईस्टरनंतर घ्या.”

“ट्रस्टी म्हणून उम्मन अच्चायनांनी ठरवली आहे. अध्यक्ष मी असलो, तरी कारणाशिवाय कशी ढकलू?”

“कारण मिळेल,” रेवा म्हणाली, आणि अंधार पडायच्या आत टेकाड उतरून घरी आली.

रविवारी प्रार्थना संपल्यावर बायका उजवीकडे आणि पुरुष डावीकडे तसेच बसून राहिले. रेवा मागच्या दाराशी, उंबऱ्याबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली; तिथून ऐकू यायचे आणि तिथे ती कुणाची नव्हती. उम्मन पुढे आले. कमरेला पांढरा मुंडू, अंगात पांढरा शर्ट, कपाळावर तेजस्वी घाम. त्यांनी प्रगतीविषयी सांगितले. आजवर आपण उंबरण्यात पाहुण्यासारखे राहिलो, आता हॉल झाला की आपण इथलेच होऊ, असे सांगितले. मृतांना संगमरवर मिळेल, असे सांगितले. एखादा माणूस आपल्याच बापाची कबर हलवण्याच्या बाजूने इतक्या गहिवराने बोलू शकतो, हे पाहून रेवाला जवळजवळ आदर वाटला.

“कुणाला काही विचारायचं आहे?” अच्चननी विचारले.

“मला मत नाही, पण प्रश्न विचारायला बाप्तिस्मा लागत नसावा,” रेवा दारातून म्हणाली. माना मागे वळल्या. “आज ठराव करणाऱ्यांपैकी गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी इंद्रजीतच्या फार्महाउसवर मटण कुणी कुणी खाल्लं, एवढंच मला समजून घ्यायचं आहे.”

बाहेर गुरांच्या गळ्यातली घंटा वाजली. मग उजव्या बाजूच्या एका बाईने मलयाळममध्ये आपल्या नवऱ्याला एकच शब्द विचारला, आणि सभा फुटली.

“मी फक्त भाकरी खाल्ली!”

“भाकरीला काय लावून?”

“रस्सा. रश्श्यात पीस नव्हता.”

“पीस नव्हता म्हणजे तू आधी काढून खाल्लास!”

“मला शुगर आहे, उपाशी राहता येत नाही, डॉक्टरने लिहून दिलंय.”

“डॉक्टरने वजरी लिहून दिली?”

उम्मन हात वर करून सांगत होते की हा पाहुणचाराचा प्रश्न आहे. यजमानाचे मन मोडणे हे उपास मोडण्याहून मोठे पाप आहे, याला आधार आहे. कोणता, ते त्यांना आठवेना. एकाने तत्त्वाचा मुद्दा काढला की वजरी हे मांस धरावे की नाही. दुसऱ्याने सांगितले की तो दिवस त्याला गुरुवार वाटला होता. गुरुवारीही उपासच असतो, हे त्याच्या बायकोने त्याला सर्वांसमक्ष समजावले. कबरी कुणाला आठवल्या नाहीत. संगमरवर कुणाला आठवला नाही. माणसे किती सहज आपल्या मेलेल्यांना सोडून बोकडाच्या बाजूने उभी राहतात, हे रेवा उंबऱ्याबाहेरून पाहत होती, आणि तिला एक थंड, स्वच्छ आनंद होत होता. असा आनंद तिला कोशी गेल्यापासून झाला नव्हता.

अच्चन उठले तेव्हा सगळे गप्प झाले. “अशा अवस्थेत आज आपण कोणताच ठराव करणार नाही,” ते म्हणाले. “ज्याला जे सांगायचं असेल ते त्याने पापनिवेदनात मला सांगावं. सभा ईस्टरनंतरच्या रविवारी.” दाराकडे न पाहता त्यांनी पुढे म्हटले, “कारण मिळालं.”

ईस्टरला कुंडात पाणी आले, आणि त्याच आठवड्यात रेवाचा बाप्तिस्मा झाला. तिने तो परीक्षेसारखा पार पाडला. मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, तिला पाठच होता, त्यातल्या कुठल्या वाक्यासाठी कुठल्या शतकात कुणाला हद्दपार केले यासकट. विधीत आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारायचे असते. पश्चिमेला, उतारावर, इंद्रजीतचे साइट ऑफिस दिसत होते, त्यामुळे तेवढे एक वाक्य तिने मनापासून म्हटले. मग पूर्वेकडे वळून “विश्वास आहे का” याला तिने “आहे” असे उत्तर दिले. जन्मात तिने अनेक लोकांना खोटे बोलताना पकडले होते. स्वतःला पकडायला त्या क्षणी तिच्याकडे वेळ नव्हता. डोक्यावर पाणी पडले. तेल लावले गेले, पापनिवेदन आणि प्रसादही झाला. टेकाडावरच्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरेखुरे पाणी पाहून तिने नजर भिंतीकडे वळवली.

सभेच्या रविवारी ती लवकर वर गेली. प्रार्थनामंदिराच्या पायरीवर शोशाम्मा बसली होती. पनवेलच्या इस्पितळात आयुष्यभर नर्स म्हणून राबलेली, ऐंशीकडे झुकलेली, तोंडाची फटकळ बाई. तिला सगळे ‘चेची’ म्हणत, म्हणजे थोरली बहीण.

“बस, टीचर. गुडघे तुझेही काही नवे नाहीत.”

रेवा बसली.

“तू नाही म्हणणार.”

“त्यासाठीच तर भिजले, चेची.”

“माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. तरी रडल्या बाया, मूर्ख आहेत.” शोशाम्माने पदराने तोंड पुसले. “मी हो म्हणणार आहे.”

रेवाने चमकून पाहिले. “तुम्ही? तुम्ही तर मटण खायला गेला नव्हतात.”

“मला बोलावलंच नव्हतं. बोलावलं असतं तर गेले असते, या वयात कोण मला नरकात घालतंय.” ती हसली, मग थांबली. “माझा मत्तायी कुठे आहे, ठाऊक आहे ना? तुझ्या कोशीच्या पलीकडे. आपल्याकडे घरटी एक कबर. मी मेले की तीच उघडणार आणि मला त्याच्यावर ठेवणार.”

“हो.”

“त्या माणसाने मला जन्मभर मारलं, टीचर. रात्रपाळी करून आले की दारातच विचारायचा, कुठल्या डॉक्टरपाशी होतीस. हा हात दोनदा मोडला. दोन्ही वेळा मी माझ्याच वॉर्डात जाऊन सांगितलं, जिन्यावरून पडले. आमच्या घराला जिना नाही.”

खालून कुणाची तरी स्कूटर वर येत होती. शोशाम्माने आवाज खाली आणला.

“तो आगऱ्याचा पोरगा येऊन म्हणाला, आजी, प्रत्येकाला वेगळा कप्पा. मध्ये सिमेंटची भिंत. मी त्याला एकच विचारलं, भिंत किती जाड?”

जे सुचले ते रेवाने पटकन बोलून टाकले, कारण विचार केला असता तर बोलली नसती. “माझी जागा घ्या. कोशीच्या कबरीत आता मला हक्क आहे. मला तो नको. मी माझं शरीर मेडिकल कॉलेजला द्यायचं म्हणतेय.”

शोशाम्मा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “कोशीबरोबर? अगं, ज्या गोष्टीचा संशय घेऊन तो जन्मभर मारत राहिला, ती मेल्यावर त्याच्या शेजारीच करून दाखवू?”

“मग वेगळी कबर.”

“कुठे? उतार संपला. खाली ओढा आहे.” तिने रेवाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मी बघितलंय मोजून. उपास मोडलेल्यांपैकी अर्धे आता लाजेने तुझ्या बाजूला आलेत, पुण्यवान दिसायला. तुझ्यावर येणार आहे सगळं. बघ बाई.”

आत जाऊन रेवा पहिल्यांदाच उजवीकडे, बायकांमध्ये बसली. उम्मननी या वेळी भाषण केले नाही; पापनिवेदनाने त्यांचा आवाज बसला होता. उंबरण्यात इतक्या वर्षांत तिने हेतू पाहिले होते, भूक पाहिली होती, लाचारी पाहिली होती. खरेखुरे कारण मात्र पहिल्यांदाच कुणी तिच्यासमोर ठेवले होते, आणि ते पलीकडच्या बाजूला उभे होते. तिरस्कार करायला सोयीचे असे त्यात काहीही नव्हते. शोशाम्माच्या मनगटाचे वाकडे जुळलेले हाड तिला दिसत होते. गवताखालचा कोशीही तिला दिसत होता, खिडकी नसलेल्या खोलीतून सुटलेला. त्याला विचारले असते तर त्याने काय सांगितले असते, हे तिला पक्के ठाऊक होते. तो म्हणाला असता, दे गं तिला, मला काय, मी कुठेही पडेन. म्हणूनच त्याला विचारण्याची तिची तयारी नव्हती.

“ठरावाच्या बाजूने?” अच्चननी विचारले. हात वर झाले. शोशाम्माचाही, कोपरातून जरासा वाकडा.

“विरोधात?”

रेवाने हात वर केला.

एका मताने ठराव पडला. काही बायकांनी क्रूसाची खूण केली. अच्चननी रेवाकडे क्षणभर पाहिले आणि शेवटची प्रार्थना सुरू केली. ती लांबच लांब प्रार्थना रेवाने पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली.

बाहेर इंद्रजीत गाडीला टेकून उभा होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

“मॅडम, जिकलात तुमी! मानलं.” त्याच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. “काय नाय, रस्ता पलीकडून काढू. आमचीच जमीन हाय ती. जरा वलन पडंल, एवढंच.”

“पलीकडून निघत होता?”

“निघत होता ना. पन सरल काय वाईट?”

“आणि हॉल?”

“हॉल तर देनारच, मॅडम. इलेक्शन हाय. फकस्त ते कप्पे नाय बांधनार, आता काय गरज?” तो उम्मनना हाक मारत पुढे गेला, आणि दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हॉलची जागा बघायला निघाले.

म्हणजे रस्ता होणार होता. टॉवर होणार होते. उम्मनना एसी मिळणार होता आणि रेवाला कोशीची कबर. साऱ्या उंबरण्यात एकाच माणसाचे काही गेले होते, आणि ती बाई पायरीवर उभी राहून चपलेत पाय घालायचा प्रयत्न करत होती. रेवा वाकली आणि तिने चपलेचा पट्टा सारखा करून दिला.

“चेची,” ती म्हणाली. पुढे वाक्य नव्हते. इतकी पुस्तके वाचून ते तिला सापडले नाही.

“असू दे गं. तुझा चांगला होता. सगळ्यांचे नसतात.” शोशाम्माने तिचा दंड धरला आणि पहिली पायरी उतरली. “आणि मागून मरणारा वर जातो. निदान वर मी असेन.”

रेवा हसली नाही. शोशाम्माने हात घट्ट धरला होता, आणि पायऱ्या अजून बऱ्याच होत्या.